कोऱ्या वहीचा घोडा : जंप रेसिंगमध्ये ट्रेनरचे आकडे कसे वाचायचे

रेसकार्डावर ट्रेनरच्या नावापुढे छापलं होतं : या ट्रॅकवर ४० टक्के विजय. मी वहीत त्या घोड्याखाली दोन रेघा ओढल्या. शेवटून चौथी फेन्स, म्हणजे उंच अडथळा, यायच्या आधीच घोडा दमला आणि जॉकीनं त्याला थांबवलं. घरी येऊन तो आकडा उलगडून पाहिला. दहा घोडे, चार विजय. दहाही घोडे हर्डल, म्हणजे बुटक्या अडथळ्यांच्या शर्यतीत धावलेले, जिंकलेले चारही फेव्हरिट. चेसमध्ये, म्हणजे फेन्सच्या शर्यतीत, त्या पागेचा एकही घोडा त्या ट्रॅकवर त्याआधी धावलाच नव्हता. आकडा खोटा नव्हता. मी त्याला जे विचारत होतो त्याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता, एवढंच.

पुण्याच्या पावसाळी मोसमाला किंवा महालक्ष्मीला नेमानं जाणाऱ्याला ट्रेनरचं महत्त्व सांगायला नको. पेसी श्रॉफ यांच्या पागेतल्या घोड्याचा भाव कसा भराभर उतरतो ते त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं असतं. पण आपल्याकडचं रेसिंग सपाट मैदानावरचं. ब्रिटन-आयर्लंडमध्ये थंडीत रंगणारं जंप रेसिंग निराळं. कमीत कमी दोन मैलांच्या आसपासचं अंतर, वाटेत साडेतीन फुटी हर्डल नाहीतर साडेचार फुटी फेन्स, आणि पायाखाली बहुतेक वेळा ओली माती. घोडेही बहुतांशी खच्ची केलेले, त्यामुळे त्यांना पैदाशीसाठी लवकर घरी पाठवायची कोणाला घाई नसते. चांगला चेसर दहाव्या-अकराव्या वर्षीही धावतो. एकच घोडा पाच-सहा वर्षं एका माणसाच्या हाताखाली राहतो. त्याला उडी कधी शिकवायची, हर्डलवरून फेन्सवर कधी न्यायचं, उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर पहिल्याच शर्यतीला पूर्ण तयार ठेवायचं की ती शर्यत व्यायाम म्हणून वापरायची, हे सगळं ट्रेनर ठरवतो. तेच निर्णय दरवर्षी घेता घेता त्याच्या सवयी पडतात, आणि सवयी मोजता येतात.

ट्रेनरचा आकडा म्हणजे या सवयींची नोंद. घोड्याच्या कुवतीबद्दल तो फारसं काही सांगत नाही. खाली जे लिहिलंय ते सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे. आणि हो, मी हा खेळ वहीत खेळतो. घरी बसून परदेशी संकेतस्थळांवर पैसे लावायच्या भानगडीत वाचकांनीही पडू नये. शर्यत समजून घेण्याची मजा वेगळी आहे आणि ती फुकट मिळते.

आधी घोड्याची वही

ट्रेनरकडे वळण्याआधी घोड्याचा स्वतःचा फॉर्म वाचा. नावाआधी छापलेली आकड्यांची ओळ डावीकडून उजवीकडे वाचायची. सगळ्यात उजवीकडचा आकडा म्हणजे अलीकडची शर्यत. आडवी रेघ वर्ष बदलल्याची, तिरकी रेघ अख्खा मोसम मध्ये गेल्याची. पी म्हणजे जॉकीनं थांबवला, एफ म्हणजे पडला, यू म्हणजे जॉकी खाली आला.

समजा घोडा फेन्सवर चौदा वेळा धावलाय, याच अंतरावर, अशाच जमिनीवर. मग त्याच्याबद्दल त्याची चौदा पानं बोलतील. ‘या ट्रेनरचे चेसर १७ टक्के जिंकतात’ ही माहिती तिथे जवळजवळ निरुपयोगी, कारण ट्रेनरचं जे काही कसब आहे ते त्या चौदा शर्यतींत आधीच उतरलेलं आहे. तेच पुन्हा मोजलं तर एकाच गोष्टीचे गुण दोनदा दिल्यासारखं होतं.

ट्रेनरचे आकडे उपयोगी पडतात ते वहीचं पान कोरं असतं तिथे. घोडा पहिल्यांदाच फेन्सवर येतोय. सात महिन्यांनी परततोय. श्वासनलिकेच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा धावतोय. आयर्लंडच्या पॉइंट-टू-पॉइंटमधून, म्हणजे हौशी जॉकींच्या उड्यांच्या शर्यतींतून, किंवा फ्रान्समधून नुकताच आलाय. हॅंडिकॅपमध्ये, म्हणजे कुवतीप्रमाणे वजन चढवलेल्या शर्यतीत, पहिलं पाऊल टाकतोय. पागा बदलून आलाय. या प्रत्येक वेळी ‘हा घोडा काय करेल’ याचं थेट उत्तर कोणाकडेच नसतं, म्हणून ‘या माणसाचे असे घोडे आजवर काय करत आले’ हे विचारण्यात अर्थ असतो.

म्हणून कामाची सुरुवात अशी करा. शर्यतीतल्या प्रत्येक घोड्यापुढे एका ओळीत लिहा, याचं कोणतं पान कोरं आहे. काही घोड्यांपुढे काहीच लिहावं लागणार नाही. त्यांच्या ट्रेनरचे आकडे पाहूच नका, मोह झाला तरी.

आकडे कुठे मिळतात

‘रेसिंग पोस्ट’, ‘ॲट द रेसेस’ आणि ‘टाइमफॉर्म’ यांच्या संकेतस्थळांवर ट्रेनरचे विजय, धावलेले घोडे, टक्केवारी आणि दर घोड्यावर एक पौंड लावला असता तर झालेला नफा-तोटा मिळतो. आयर्लंडसाठी ‘हॉर्स रेसिंग आयर्लंड’चं संकेतस्थळ आहे. ट्रॅकवारी आणि गेल्या चौदा दिवसांची आकडेवारी कार्डावरच असते. त्याहून बारीक चाळणी हवी तर पैसे मोजावे लागतात, नाहीतर स्वतः स्प्रेडशीट भरावी लागते. मी भरतो. सगळ्या ट्रेनरांची नाही, वारंवार समोर येणाऱ्या पंचवीसएक पागांची.

मोसमाची हद्द लक्षात ठेवा. ब्रिटनचा जंप मोसम एप्रिलच्या शेवटी सॅंडाउनला संपतो, आयर्लंडचा पंचस्टाउनच्या महोत्सवानंतर. कॅलेंडर वर्षाप्रमाणे आकडे काढले तर दोन अर्धवट मोसम एकमेकांत मिसळतात.

आणखी एक. चॅम्पियन ट्रेनर विजयांच्या संख्येवर ठरत नाही, बक्षिसाच्या रकमेवर ठरतो. २०२३-२४ मध्ये काउंटी कार्लोचे विली मलिन्स ब्रिटनचे चॅम्पियन ट्रेनर झाले. आयर्लंडमधल्या ट्रेनरला हा मान मिळाला तो थेट १९५३-५४ च्या व्हिन्सेंट ओब्रायन यांच्यानंतर. त्या मोसमात मलिन्सच्या आय ॲम मॅक्सिमसनं ग्रॅंड नॅशनल जिंकली, आणि त्या एका शर्यतीच्या विजेत्याला पाच लाख पौंड होते. तेव्हा किताबाच्या तक्त्यावरून मंगळवारच्या साध्या नॉव्हिस (नवख्या घोड्यांच्या) हर्डलबद्दल काहीही ठरवू नका.

ढीग वेगळे करा

एका ट्रेनरचे ‘एकूण १८ टक्के’ म्हणजे मिसळ. फरसाण वेगळं, उसळ वेगळी केल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही. निदान पाच ढीग करा : बंपर, म्हणजे उड्या नसलेली सपाट शर्यत, नॉव्हिस हर्डल, हॅंडिकॅप हर्डल, नॉव्हिस चेस, हॅंडिकॅप चेस.

नॉव्हिस म्हणजे मोसम सुरू होताना त्या प्रकारात एकही विजय नसलेला घोडा. या शर्यतींत वजनं साधारण सारखी असतात, त्यामुळे महागडे घोडे विकत घेणाऱ्या मोठ्या पागा इथे भरपूर जिंकतात. लाखांत घेतलेला घोडा साध्या ट्रॅकवर सहा जणांना हरवतो, भाव असतो पौंडामागे चार आणे. टक्केवारी फुगते ती इथे. हॅंडिकॅपमध्ये मात्र अधिकारी घोड्याची कुवत आकड्यात बांधतो आणि चांगल्याच्या पाठीवर जास्त वजन चढवतो. तिथे पैशाची मदत कमी होते आणि घोड्याला योग्य वेळी योग्य शर्यतीत उतरवण्याची हुशारी पुढे येते. एखादा ट्रेनर नॉव्हिस हर्डलमध्ये ३० टक्के आणि हॅंडिकॅप चेसमध्ये ८ टक्के असू शकतो, आणि त्याचं ‘एकूण’ या दोन्हींबद्दल चुकीचं सांगतं.

ढीग फार बारीकही करू नका. ‘मऊ जमिनीवर, अडीच मैलांवर, डाव्या वळणाच्या ट्रॅकवर, जानेवारीत, सात वर्षांच्या घोड्यांसह’ अशी चाळणी लावली की कोणीतरी १०० टक्क्यांवर निघतोच. दोन घोडे, दोन विजय. चाळणीची भोकं किती बारीक ठेवायची याला माझा एकच नियम : प्रत्येक अटीमागचं कारण तोंडी सांगता आलं पाहिजे. ट्रेनर गुरुवारी जास्त जिंकतो याचं कारण मला सांगता येत नाही, म्हणून गुरुवार बाद.

टक्के बाजूला, अपेक्षित विजय पुढे

हा टप्पा लोक टाळतात, आणि सगळा अर्क यातच आहे.

आठ घोड्यांच्या शर्यतीत डोळे मिटून बोट ठेवलं तरी साडेबारा टक्के मिळतात. पाच घोड्यांच्या शर्यतीत वीस. म्हणून नुसते टक्के पाहून ट्रेनरचं कसब कळत नाही. त्याच्या घोड्यांकडून बाजाराला किती विजयांची अपेक्षा होती ते पाहावं लागतं. ती अपेक्षा भावात दडलेली असते. ४/१ चा भाव म्हणजे पाचात एक, २० टक्के. ३/१ म्हणजे २५. ६/४ म्हणजे ४०. ९/१ म्हणजे १०. शर्यतीतल्या सगळ्या घोड्यांच्या अशा टक्क्यांची बेरीज शंभरावर जाते, कारण बुकीचा वाटा त्यात असतो. बेरीज ११५ आली तर प्रत्येक आकड्याला १.१५ नं भागा.

आता ट्रेनरच्या ढिगातल्या प्रत्येक घोड्याचा असा आकडा काढून बेरीज करा. ती झाली त्याच्या अपेक्षित विजयांची संख्या. प्रत्यक्ष विजयांना तिनं भागलं की जे गुणोत्तर येतं त्याला तिकडे ए/ई (ॲक्च्युअल/एक्स्पेक्टेड) म्हणतात. एक म्हणजे बाजारानं बरोबर ओळखलं. एकाच्या वर म्हणजे घोडे अपेक्षेपेक्षा बरे धावले. खाली म्हणजे नाव मोठं, लक्षण खोटं.

उदाहरणासाठी दोन काल्पनिक ट्रेनर घेऊ. पहिल्याचे ६० घोडे, १२ विजय, २० टक्के. पण सगळे कमी भावाचे. अपेक्षित विजय १५. गुणोत्तर ०.८०. दुसऱ्याचेही ६० घोडे, विजय ७, म्हणजे जेमतेम पावणेबारा टक्के. घोडे लांबच्या भावाचे, अपेक्षित विजय ५.२. गुणोत्तर १.३५. कार्डावर पहिला चमकतो. माझ्या वहीत दुसऱ्यापुढे खूण असते, पण पेन्सिलची. का ते आता.

किती घोडे पुरेत?

वीस घोड्यांत पाच विजय आणि दोनशे घोड्यांत पन्नास विजय, दोन्ही २५ टक्के. पण संख्याशास्त्राच्या नेहमीच्या हिशोबानं वीसवाल्याचं खरं कसब साधारण ११ ते ४७ टक्क्यांमध्ये कुठेही असू शकतं. दोनशेवाल्याचं साधारण १९ ते ३१. पहिल्या पट्ट्यात सामान्य ट्रेनरही बसतो आणि जगातला सर्वोत्तमही. वरच्या दुसऱ्या ट्रेनरचे सात विजयही असेच : त्यातले दोन नाकाच्या अंतरानं जिंकले असतील तर ते दोन वजा करून पाहा, गुणोत्तर एकाच्या खाली येतं.

यावर घरगुती उपाय आहे. पातळ नमुन्यात सरासरीचं विरजण घाला. ट्रेनरचा या ट्रॅकवर हिशोब १२ घोडे, ५ विजय, म्हणजे ४१.७ टक्के. त्याच प्रकारच्या शर्यतींत त्याची एकूण सरासरी १४ टक्के. आता त्याच्या खात्यात सरासरीनं धावणारे ४० काल्पनिक घोडे घाला, म्हणजे आणखी ५.६ विजय. १०.६ भागिले ५२, आले २०.४ टक्के. ४१.७ वरून २०.४. चाळीस हा आकडा काही वेदवाक्य नाही. कमी घातलंत तर नमुन्यावर जास्त विश्वास, जास्त घातलंत तर कमी. एकदा ठरवा आणि प्रत्येक शर्यतीला आपल्या सोयीनं बदलू नका.

कोणत्या सवयी मोजायच्या

सुट्टीनंतरची पहिली शर्यत. मला विचाराल तर जंप रेसिंगमधली सगळ्यात बोलकी सवय हीच. दीडशे दिवसांहून जास्त सुट्टी घेऊन परतणारे घोडे वेगळे काढा. काही पागा ऑक्टोबरातच घोडा पूर्ण तयार करून आणतात. सॉमरसेटच्या डिचीटमधले पॉल निकल्स चेप्स्टोच्या ऑक्टोबरातल्या शर्यतींत ताकदीचे घोडे उतरवतात, हे तिकडच्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. काही पागा मात्र पहिली शर्यत घाम गाळायला वापरतात, घोडा दुसऱ्या-तिसऱ्या वेळी फुलतो. जुन्या काळी शर्यती धावतच घोडा तयार व्हायचा असं मानत. मार्टिन पाइप यांनी घरीच थांबून थांबून जोरदार दौड करून घेण्याची पद्धत रुजवली, रक्ततपासणीची प्रयोगशाळा काढली, आणि १९८८-८९ च्या एका मोसमात २०८ विजय मिळवले. पंधरा वेळा चॅम्पियन झाले. आता बहुतेक सगळेच त्या वाटेनं गेलेत, पण फरक पुरता मिटलेला नाही. म्हणून एकाच ट्रेनरची ‘सुट्टीनंतर पहिली’ आणि ‘सुट्टीनंतर दुसरी’ अशी दोन गुणोत्तरं शेजारी शेजारी लिहा. पहिली ०.७ आणि दुसरी १.२ असेल तर तुम्हाला त्या पागेचं वेळापत्रक सापडलं.

पहिली चेस. इथे नुसते विजय मोजू नका. त्या ट्रेनरचे किती नवे चेसर पडले, किती जणांचे जॉकी खाली आले, किती थांबवले, तेही मोजा. विजय शंभरात पंधरा असतील, पण गडबडी त्याहून जास्त सापडतात, त्यामुळे लहान नमुन्यातही त्या काही सांगून जातात. घरी नीट उडी शिकवणारी पागा इथे ओळखू येते. घोडा तिसरा आला पण एकही फेन्स चुकला नाही, ही त्या ट्रेनरच्या खात्यात जमेची बाजू.

जमीन आणि महिना. हर्फर्डशरच्या व्हेनिशिया विल्यम्स यांची पागा म्हणजे चिखलाची पागा. डिसेंबर-जानेवारीत पाऊस लागला की त्यांचे चेसर एकामागून एक जिंकू लागतात. उलट वेल्सचे पीटर बोवेन यांनी नाव कमावलं ते उन्हाळी जंप रेसिंगमध्ये, कडक जमिनीवर. अशा ट्रेनरचं वर्षभराचं टक्केवारीचं पान काढलं तर दोन ऋतूंची सरासरी हाती येते, जी कुठल्याच ऋतूत खरी नसते.

ट्रॅक. कार्डावर सगळ्यात ठळक छापलेला आणि सगळ्यात जास्त फसवणारा आकडा. निकल्स विंकॅंटनला भरपूर जिंकतात, पण विंकॅंटन त्यांच्या शेजारीच आहे. तिथे घोडे नेणं सोपं, म्हणून बरेवाईट सगळे जातात. दूरच्या ट्रॅकवर मात्र ट्रेनर निवडून नेतो. आयर्लंडच्या काउंटी मीथचे गॉर्डन एलियट पागा उभी करत होते तेव्हा स्कॉटलंडमधल्या पर्थला नेमानं घोडे पाठवत आणि जिंकून नेत. समुद्र ओलांडून जायचं म्हणजे खर्च आलाच. उगाच कोण जाईल? आता त्या आकड्यात पर्थच्या मातीची जादू नाही. ‘योग्य शर्यत शोधून घोडा नेणं’ ही सवय आहे, आणि ती तशाच दुसऱ्या छोट्या ट्रॅकवरही दिसू शकते. म्हणून लांबून एकटाच घोडा घेऊन आलेला ट्रेनर दिसला की थांबून पाहावं. मात्र त्याच गाडीत आणखी तीन घोडे आलेत का तेही बघावं, नाहीतर चौथा नुसता जागा होती म्हणून आलेला असतो.

शस्त्रक्रिया, झापडं. श्वासनलिकेच्या शस्त्रक्रियेनंतरची पहिली धाव ब्रिटनमध्ये २०१८ पासून कार्डावर जाहीर करावी लागते, त्यामुळे हिशोब ठेवता येतो. झापडांचं म्हणाल तर काही ट्रेनर ती शेवटचा उपाय म्हणून घालतात, काही पहिल्या दिवसापासून. पहिल्यांदा घातलेल्या वेळचे आकडे पाहा आणि पुढे चला, इथे फार वेळ घालवण्यासारखं काही नाही.

ठरवून मारलेली शर्यत

चेल्टनमच्या मार्च महोत्सवातली काउंटी हर्डल घ्या. दोन मैलांहून थोडं जास्त अंतर, वीस-पंचवीस घोड्यांची गर्दी, हॅंडिकॅप. डोळे मिटून निवडलेल्याला जिंकायची शक्यता चारेक टक्के. २०१५ ते २०२४ या दहा वर्षांत ती कोणी जिंकली? मलिन्स २०१५, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४. डॅन स्केल्टन २०१६, २०१८, २०१९ आणि २०२३. दहापैकी नऊ वर्षं दोनच पागा.

हा योगायोग नव्हे. स्केल्टन यांनी सुपर्ब स्टोरी, मोहायद, शतिबेलो आणि फेव्हवार हे चार वेगवेगळे घोडे याच शुक्रवारसाठी तयार करून आणले. मोसमभरात घोड्याचं हॅंडिकॅपचं वजन कसं राहील, शेवटची शर्यत किती आठवडे आधी द्यायची, याचा एक साचाच त्या पागेत तयार झालाय. मोहायद आणि फेव्हवार दोघेही ३३/१ ला जिंकले, म्हणजे साचा ठाऊक असूनही बाजार फसला. त्या दोघांवर पागेचा पहिला जॉकी हॅरी स्केल्टन नव्हता, ब्रिजेट ॲंड्रूज होती. ‘पहिला जॉकी ज्यावर बसेल तोच पागेचा खरा घोडा’ हा नियम मीही वापरतो. या शर्यतीत तो वापरला असता तर दोन्ही हातचे गेले असते.

आता याचीच दुसरी बाजू. या दोन पागा काउंटी हर्डलला एक-एक घोडा घेऊन येत नाहीत, मूठभर आणतात. शर्यतीवार मोजलं तर त्यांचा विक्रम थक्क करतो, घोड्यावार मोजलं की बराच खाली येतो. मलिन्सच्या बाबतीत हे फार जपावं लागतं. एका शर्यतीत त्यांचे पाच घोडे असतील तर जिंकूनही त्यांची घोड्यावार टक्केवारी २० च्या वर जाऊ शकत नाही. २०२५ च्या ग्रॅंड नॅशनलमध्ये पहिले तीनही घोडे त्यांचे होते; टक्केवारीच्या रकान्यात त्यातला एकच विजय, बाकीचे दोघे ‘हरलेले’. म्हणून मोठ्या पागांसाठी दोन रकाने करा : ‘शर्यतींपैकी किती जिंकल्या’ आणि ‘घोड्यांपैकी किती जिंकले’. पहिला रकाना पागेचं बळ सांगतो. तुमच्या समोरच्या घोड्याला लागू पडतो तो दुसरा.

चौदा दिवसांचा ताप

‘पागा थंड आहे’, ‘पागा पेटली आहे’, ही भाषा टीव्हीवर रोज ऐकू येते. जरा हिशोब करू. २० टक्के जिंकणाऱ्या उत्तम ट्रेनरचे सलग दहा घोडे हरण्याची शक्यता जवळपास ११ टक्के. पागेत काहीही बिघडलेलं नसताना. मोसमात ४०० घोडे धावणाऱ्या अशा ट्रेनरच्या नशिबी सलग वीसएक पराभवांचा एखादा पट्टा येणारच. त्या पट्ट्याच्या मधोमध समालोचक म्हणतो, घोड्यांना खोकला झालाय वाटतं.

खोकला खरंच होतो, साथ येते, पागा आठवडाभर बंदही ठेवावी लागते. पण ती ओळखायची तर विजयांकडे बघू नका, हरलेल्यांकडे बघा. हरलेले घोडे भावाच्या मानानं कसे हरले? ५/२ चा घोडा जवळून दुसरा आला की घोड्याच्या पन्नास लांबींनी मागे पडला? शेवटच्या दोन उड्यांपर्यंत बरोबर होता आणि एकदम विझला का? आठवड्याभरात चार-पाच घोडे असे विझले तर मात्र बाकीच्यांपुढे प्रश्नचिन्ह घाला. ‘रेसिंग पोस्ट’ ट्रेनरच्या अलीकडच्या घोड्यांपैकी किती टक्के आपल्या लायकीनुसार धावले याचा एक आकडा देतं. चौदा दिवसांच्या विजयांपेक्षा तो पुष्कळ बरा, पण तोही आठ-दहा घोड्यांवर काढलेला असेल तर बेतानंच घ्या.

जुने आकडे कधी फेकायचे तेही इथेच सांगतो. पागेचा मालक बदलतो, नाव बदलतं, सवयी राहतात. कॉलिन टिझर्ड यांचा परवाना २०२२ मध्ये मुलाकडे, जो टिझर्ड यांच्याकडे गेला. संगणकाच्या लेखी नवा ट्रेनर शून्यापासून सुरू झाला, पण सरावाचा माळ तोच आणि माणसंही बरीचशी तीच. २०२० पासून ब्रिटनमध्ये दोघांच्या नावे संयुक्त परवाना मिळू लागला, त्यामुळेही एकाच पागेचे आकडे दोन नावांत तुटतात. ते हातानं जोडावे लागतात. आणि कधी उलटं असतं, नाव तेच पण काळ बदललेला. २०२१ च्या चेल्टनम महोत्सवात २८ पैकी २३ शर्यती आयर्लंडच्या घोड्यांनी जिंकल्या. त्याआधीच्या दशकाचा विक्रम दाखवून कोणी ब्रिटिश पागेची महती सांगू लागलं तर ऐकून घ्यावं, वहीत लिहू नये. मी पाच मोसमांपलीकडचं सहसा काढत नाही.

एक शर्यत सोडवून पाहू

नोव्हेंबर, एक्सेटर. उजव्या वळणाचा, चढउताराचा, दम काढणारा ट्रॅक. नॉव्हिस हॅंडिकॅप चेस, आठ घोडे. पुढचे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत.

पहिला घोडा फेन्सवर सहा वेळा धावलाय, दुसरा-तिसरा येत राहिलाय. याचं पान भरलेलं. ट्रेनर बघायचा नाही.

दुसरा पहिल्यांदाच फेन्सवर येतोय, तोही २०० दिवसांनी. दोन कोरी पानं. ट्रेनरच्या पहिल्या चेसचा हिशोब : ४५ घोडे, ९ विजय, अपेक्षित ७.४, गुणोत्तर १.२२. सुट्टीनंतर पहिली धाव : १८० घोडे, २४ विजय, अपेक्षित २६, गुणोत्तर ०.९२. दोन्ही अटी एकत्र लावल्या तर उरतात आठ घोडे आणि दोन विजय. ते बघायचं नाही, वेगवेगळंच ठेवायचं. आता विरजण. गुणोत्तरांसाठी मी दोन्हीकडे दहा-दहा विजय मिळवतो. १९ भागिले १७.४, म्हणजे १.०९. ३४ भागिले ३६, म्हणजे ०.९४. दोन्हींचा गुणाकार १.०३. एवढी आकडेमोड करून हाती आलं काय, तर बाजारानं दिलेला भाव साधारण बरोबर आहे.

तिसरा छोट्या पागेतला, शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा धावणारा. ट्रेनरचे असे सहा घोडे, तीन जिंकले. ५० टक्के! वर्तमानपत्राला मथळा मिळाला. अशा घोड्यांची सर्वसाधारण सरासरी १० टक्के धरून ४० घोड्यांचं विरजण घाला : ७ भागिले ४६, १५.२ टक्के. भाव आहे ५/१, म्हणजे १६.७, बुकीचा वाटा काढला की १४.५. फरक पाऊण टक्क्याचा. तोही गेला.

मग वहीच्या ट्रेनरच्या रकान्यात तिघांपुढे मी एक छोटी आडवी रेघ मारतो, आणि पहिल्या घोड्याच्या सहा शर्यतींचे व्हिडिओ काढून तो उजवीकडे उडी मारताना कललाय का ते बघायला बसतो.